सिझरनंतरचा पहिला चीक

पोट कापून मूल बाहेर काढण्याची कल्पना फार जुनी आहे. त्या मुलाला त्याच्याच आईनं पाजण्याची गोष्ट मात्र जेमतेम दीडशे वर्षांची. गर्भारपणात बाई एकाएकी गेली आणि तिच्या पोटात हालचाल दिसली, तर वैद्यानं तात्काळ पोट फाडून मूल काढावं, असं सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांगितलं आहे. प्राचीन रोमच्या कायद्यातही गर्भवतीला मूल काढल्याशिवाय पुरायला मनाई होती. दोन्हीकडे आई आधीच गेलेली. मग मुलाला दूध कुणाचं? दूधआईचं. आपल्या जुन्या वैद्यक ग्रंथांनी धात्री कशी निवडावी यावर जे बारकाईनं लिहिलं, तिचं वय, प्रकृती, स्वभाव, दुधाची परीक्षा, त्याचा उपयोग अशाच पोरक्या बाळांना झाला असणार.

जिवंत बाईवर ही शस्त्रक्रिया करून तिला वाचवणं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत डॉक्टरांच्या जवळजवळ हाताबाहेरचं होतं. १७८७ ते १८७६ या काळात पॅरिस शहरात सिझर झालेली एकही बाई जगली नाही, असं वैद्यकाच्या इतिहासात नमूद आहे. यामागचं एक कारण आज ऐकायला विचित्र वाटतं. गर्भाशयाला टाके घालायचेच नाहीत, तो स्नायू आपोआप आवळून मिटतो, असा तेव्हाचा समज होता. बाई रक्तस्रावानं जायची. त्यातून वाचली तर पोटात पू होऊन जायची. १८७६ मध्ये इटलीतल्या पाव्हियात एदुआर्दो पोर्रो यांनी मूल काढल्यावर गर्भाशयच कापून टाकलं आणि बाई वाचली. उपाय अघोरी होता, पण लागू पडला. सहा वर्षांनी लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी गर्भाशय जागेवर ठेवून त्याला चांदीची तार आणि रेशीम यांचे टाके घालण्याची पद्धत मांडली. आई आणि मूल दोघंही शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर यायला लागली ती तेव्हापासून, आणि सिझरनंतर पाजायचं कसं हा प्रश्नही तेव्हाच जन्माला आला.

घरी, नैसर्गिक रीतीनं झालेल्या बाळाला तरी लगेच आईचं दूध मिळत होतं का? बहुतेक ठिकाणी नाही. सुश्रुताच्या मते बाईला दूध येतं ते तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर. तोवर बाळाला मध आणि सिद्ध केलेलं तूप चाटवायचं. चरकानं मात्र मध-तुपाचा विधी उरकला की लगेच बाळाच्या तोंडी आधी उजवा स्तन द्यावा, असं सांगितलं. दोघांपैकी चरकाचं ऐकलं असतं तर पुढच्या कितीतरी पिढ्यांचं भलं झालं असतं. घराघरांत टिकला तो थांबण्याचा रिवाज. सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवणं, गुळाच्या पाण्यात भिजवलेला बोळा, एरंडेलाचं बोट, उगाळलेली गुटी; आणि आईचा पहिला पिवळा, दाट चीक ‘बाळाला जड पडेल’ म्हणून पिळून टाकून द्यायचा. गंमत अशी की, याच घरांत गाय किंवा म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस वाट्या भरभरून शेजारीपाजारी जायचा. जनावराचा चीक पौष्टिक आणि बाळंतिणीचा अपायकारक, हा न्याय कुणाला खटकला नाही.

युरोपही यात मागे नव्हता. तिथेही चीक वाईट मानून नवजात बाळाला लोणी, साखर, वाइन असं काहीबाही चाटवत. इंग्लंडच्या विल्यम कॅडोगन यांनी १७४८ मध्ये एक छोटं पुस्तक लिहून या चाटणांवर टीका केली आणि बाळाला लवकर आईजवळ लावायला सांगितलं.

मग बाळंतपण हळूहळू घरातून दवाखान्यात जायला लागलं. १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं आणि १९२६ मध्ये परळला नौरोजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं. त्याच १९२६ मध्ये ग्लासगोच्या मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद घेण्याची पद्धत लिहून काढली. आज जगभर बहुतेक सिझर याच छेदानं होतात. त्याआधी दहा वर्षं, १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन यांनी एकदा सिझर झालं की पुढचं बाळंतपणही सिझरनंच, असा इशारा दिला होता. त्यांचा रोख पहिलं सिझर जपून करा, यावर होता. लोकांनी लक्षात ठेवला तो अर्धाच भाग, आणि ठरवून केलेल्या सिझरला पाया मिळाला. २००० साली पायाळू मुलांसंबंधीची एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाल्यावर तीही बाळं बहुतांशी कळा सुरू होण्याआधीच टेबलावर जन्माला येऊ लागली.

सिझर सुरक्षित होत गेलं, पण पाजण्याच्या बाबतीत दवाखान्यानं जुनाच रिवाज नव्या कपड्यांत चालू ठेवला. आई भुलीच्या अमलाखाली. बाळ काचेपलीकडच्या नर्सरीत, जंतूंच्या भीतीनं ओळीनं मांडलेलं. पाजायचं ते घड्याळ बघून, चार-चार तासांनी. हे वेळापत्रक न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकप्रिय केलं होतं. मधल्या वेळेत बाळ रडलं तर डब्यातली पावडर होतीच. हेन्री नेस्ले यांचं बाळअन्न १८६७ पासून बाजारात होतं. स्वातंत्र्यानंतर अमूलनं म्हशीच्या दुधापासून बाळअन्न बनवलं, तेव्हा डबा देशी झाला एवढंच. आजीचं मधाचं बोट गेलं आणि परिचारिकेची बाटली आली. बाळानं आईसाठी ताटकळायचं ते ताटकळायचंच. तीन दिवसांनी बाळ आईच्या हाती यायचं तेव्हा त्याला बाटलीची सवय झालेली असायची, आणि ‘सिझरवालीला दूध कमीच येतं’ हा शेरा वॉर्डात कायमचा चिकटायचा.

या शेऱ्यात तथ्य किती? चीक गर्भारपणाच्या मध्यापासूनच तयार व्हायला लागतो. भरपूर दूध उतरण्याचा इशारा शरीराला मिळतो तो वार बाहेर पडल्यावर होणाऱ्या संप्रेरकांच्या बदलातून, आणि वार कोणत्या वाटेनं आली याच्याशी त्या बदलाला देणंघेणं नाही. ठरवून केलेल्या सिझरमध्ये कळा आलेल्या नसतात, शिवाय आईला टाक्यांची वेदना असते, त्यामुळे दूध उतरायला थोडा उशीर होऊ शकतो हे खरं. पण पहिल्या दिवशी बाळाला लागतो तोच मुळी चमचा-चमचा चीक, आणि तो तयार असतो. बाळ जितकं लवकर आणि जितक्या वेळा ओढेल तितकं पुढचं दूध वाढतं. म्हणजे उशिरातला बराचसा वाटा सुरीचा नाही, रिवाजाचा आहे.

भुलीच्या बदललेल्या प्रकारानं एक मोठी अडचण दूर केली. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करण्याचा प्रयोग जर्मनीच्या औगुस्ट बीअर यांनी १८९८ मध्येच केला होता. सिझरसाठी ती भूल नेहमीची व्हायला मात्र विसाव्या शतकाची शेवटची दशकं उजाडली. आता आई जागी असते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते. टाके घालण्याचं काम चालू असतानाच बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवता येतं. लंडनच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात सविस्तर मांडली.

महाराष्ट्राचा यातला वाटा मोठा आहे आणि त्याचा उल्लेख फारसा होत नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. आईचं दूध तात्पुरतं मिळत नसेल तर डब्याऐवजी दुसऱ्या आईचं निर्जंतुक केलेलं दूध, ही जुन्या दूधआईचीच सुधारलेली सोय म्हणायला हरकत नाही. स्तनपानाचा प्रसार करणारं डॉक्टरांचं आणि कार्यकर्त्यांचं देशव्यापी जाळं, बीपीएनआय, डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्याला स्थापन झालं. पुढच्याच वर्षी संसदेनं बाळअन्न आणि बाटल्यांच्या विक्रीवर लगाम घालणारा कायदा केला आणि तो १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला. त्यानं जाहिराती, फुकट नमुने, डब्यावरचं गुटगुटीत बाळाचं चित्र, सगळं बंद केलं. २००७ मध्ये मुंबईतच एक चित्रफीत तयार झाली. नुकतंच जन्मलेलं मूल आईच्या पोटावर ठेवलं तर सरपटत, वास घेत स्वतः स्तनापर्यंत पोचतं, हे तिनं जगाला दाखवलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं स्तनपानासाठी ‘माँ’ हा कार्यक्रम आणला तेव्हा त्याचा चेहरा होती माधुरी दीक्षित.

एवढं सगळं होऊनही लवकर पाजण्याचे आकडे हलले नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशात शंभरातली सुमारे ७९ बाळंतपणं दवाखान्यात झाली, २०१९-२१ मध्ये ती सुमारे ८९ वर गेली. जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं मात्र पहिल्या खेपेला ४१.६ टक्के होती, दुसऱ्या खेपेला ४१.८. याच काळात सिझरचं प्रमाण १७.२ टक्क्यांवरून २१.५ टक्क्यांवर गेलं. खासगी दवाखान्यांत तर ते २०१९-२१ मध्ये ४७.४ टक्के होतं. आता घरच्या म्हाताऱ्यांना दोष देऊन भागणार नाही.

ठरवून करायच्या सिझरमध्ये तारीख आधी माहीत असते. कित्येक घरांत ज्योतिषाला विचारून मुहूर्तही काढला जातो. जन्माच्या मिनिटाचा हिशेब होतो, पहिल्या पाजण्याचा कुणी करत नाही. तारीख पक्की करताना डॉक्टरांना सरळ विचारून घ्यावं: भूल कमरेखालची देणार का, बाळ शस्त्रक्रियागृहातच छातीवर देणार का, आणि खोलीत आल्यावर कुशीवर झोपून किंवा बाळाला काखेखाली धरून, टाक्यांवर ताण न येता पाजायला मदत कोण करणार. आणि मधाची बाटली बाळंतपणाच्या पिशवीतून आधीच काढून ठेवावी.