अपू तोच, की दुसरा?

मागच्या वेळी मी 'मिलिंदपञ्ह'वर बोलले. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने मला दारातच गाठलं. म्हणाला, "मॅडम, सिनेमाचा दुसरा भाग येतो, तेव्हा त्यातला नायक पहिलाच असतो का? यावर एकदा बोला ना." मी तेव्हा हसले, पण घरी पोचेपर्यंत प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. तेव्हा आज तेच.

आधी सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. 2003 साली 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' आला आणि 2006 साली 'लगे रहो मुन्नाभाई'. दोन्हीत संजय दत्त, दोन्हीत अर्शद वारसीचा सर्किट. पण पहिल्याच्या शेवटी ज्या डॉक्टर सुमनशी मुन्नाचं लग्न होतं, तिचं दुसऱ्यात कुणी नावही काढत नाही. बोमन इराणी पहिल्यात मेडिकल कॉलेजचे डीन, दुसऱ्यात लकी सिंग. मुन्नाला चेहरा ओळखीचा वाटत नाही आणि आपणही तक्रार करत नाही. शरीर तेच, बोलण्याची ढब तीच, पण मागचं काही आठवत नाही. जॉन लॉकने आपल्या ग्रंथाच्या 1694 च्या आवृत्तीत व्यक्तीच्या एकत्वावर एक प्रकरण नव्याने घातलं. त्याचं म्हणणं असं की, व्यक्ती तीच आहे हे ठरतं जाणिवेच्या आणि स्मरणाच्या सातत्यावरून, शरीरावरून नव्हे. लॉकच्या हिशेबाने हे दोन वेगळे मुन्ना झाले. सिनेमे चांगले आहेत हो, मला दोन्ही आवडतात! पण तिथे नवी गोष्ट मिळते, माणूस पुढे गेलेला दिसत नाही.

आता याच्या अगदी उलट उदाहरण बघा. सत्यजित राय यांचे अपूवरचे तीन चित्रपट. 'पथेर पांचाली' 1955, 'अपराजितो' 1956, 'अपूर संसार' 1959. अपूची भूमिका करणारे किती जण? चार. सुबीर बॅनर्जी, मग पिनाकी सेनगुप्ता, मग स्मरण घोषाल आणि शेवटी सौमित्र चटर्जी. चार चेहरे, चार आवाज. तरी 'हा दुसराच कुणीतरी आहे' असं आपल्याला क्षणभरही वाटत नाही. का वाटत नाही?

थोडा इतिहास सांगते. राय यांनी 'पथेर पांचाली' केला तेव्हा तीन चित्रपटांचा विचारच नव्हता. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या दोन कादंबऱ्या होत्या, 'पथेर पांचाली' आणि तिच्यापुढची 'अपराजितो'. पहिल्या चित्रपटाचं नाव झाल्यावर राय यांनी पहिल्या कादंबरीचा शेवटचा भाग आणि दुसरीचा सुरुवातीचा भाग घेऊन दुसरा चित्रपट केला. तो कलकत्त्यात पडला. 1957 साली व्हेनिसला मात्र त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, सुवर्णसिंह. तिथे कुणीतरी विचारलं, तुमच्या मनात त्रयी आहे का? आणि राय 'हो' म्हणून गेले! मग परत येऊन कादंबरी पुन्हा चाळली, तिसरा चित्रपट निघतो का ते बघायला. मधल्या काळात 'पारस पाथर' आणि 'जलसाघर' हे दोन वेगळे चित्रपटही करून झाले.

पण 'अपराजितो' घरच्याच प्रेक्षकांसमोर का पडला? माझ्या मते इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पहिल्या चित्रपटात सर्वजया ही गरिबीने गांजलेली, कधी कठोर होणारी आई आहे. तिची मुलगी दुर्गा जाते, घर मोडतं, कुटुंब काशीला निघतं. दुसऱ्यात काशीला हरिहर जातो. आता मायलेक दोघंच उरतात. मुलाला शिष्यवृत्ती मिळते, तो कलकत्त्याला जातो आणि हळूहळू आईपासून सुटत जातो. सुट्टीत घरी आलेला अपू अंथरुणावर पडलाय, आई बोलतेय. मी आजारी पडले तर तुझ्या कमाईतून माझ्यावर उपचार करशील ना, असं विचारतेय. आणि पोराला झोप लागलीय. पुढे ती एकटीच जाते, अंगणात झाडाखाली गाडीचा आवाज ऐकत, दाराशी काजवे चमकत असताना. अपू पोचतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. श्राद्ध कालीघाटला करीन म्हणून तो परत निघतो, परीक्षा आहे म्हणून. बिभूतिभूषणांनी तर लिहिलंय की, आईच्या मृत्यूच्या बातमीने अपूला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. राय यांना हेच फार धाडसाचं वाटलं होतं. 'पथेर पांचाली'तल्या त्या डोळेभरल्या पोराकडून प्रेक्षकांना हे अपेक्षित नव्हतं.

या सर्वजयाचं दुःख एकट्या दुसऱ्या चित्रपटातून पुरतं उभं राहत नाही. दुर्गा तिथे नाही, तिच्याबद्दल फार बोललंही जात नाही. पण करुणा बॅनर्जींचा चेहरा पडद्यावर आला की आपल्याला दुर्गा आठवते. आठवणीचं काम पात्राने नाही केलं, ते आपण केलं. लॉकला हे सुचलं नव्हतं, की एकाच्या स्मरणाचं सातत्य दुसराच कुणी सांभाळू शकतो.

आगगाडीचं तसंच. पहिल्यात काशाच्या फुलांमधून धावत जाऊन बघितलेलं नवल. दुसऱ्यात मुलाला घेऊन जाणारी. तिसऱ्यात अपूची खोलीच रुळांना लागून, कानठळ्या बसवणारी, आणि बायको गेल्यावर तो जीव द्यायला जातो तेही रुळांपाशीच. अखेर त्याने आणलेली खेळण्यातली गाडी त्याचा मुलगा भिरकावून देतो.

मागच्या वेळी नागसेनाचा एक युक्तिवाद सांगितला होता. राजा मिलिंदाला तो विचारतो, पाळण्यात उताणा पडलेला तान्हा आणि आजचा तू, एकच का? राजा म्हणतो, नाही, तो वेगळा. नागसेन म्हणतो, मग तुला आई नाही, बाप नाही, गुरूही नाही. म्हणजे बघा, मी तोच नाही म्हटलं की पहिलं जातं ते नातं. आणि तंतोतंत तोच आहे म्हणावं, तर तेही खरं नाही. रात्रभर जळणारा दिवा, पहिल्या प्रहरीची ज्योत शेवटच्या प्रहरी नसते, पण दिवा दुसरा नसतो.

मी 'अपराजितो' पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, हॉस्टेलवर असताना, वयाच्या विशीत. मला अपूचं काही चुकलं असं वाटलंच नाही. मुलगी असून गावाबाहेर शिकायला पडले होते, आणि मागे वळून बघणं म्हणजे परत खेचलं जाणं, अशी भीती होती. त्यात एक प्रसंग आहे, तो तेव्हा माझ्या लक्षातच राहिला नाही. सुट्टी संपवून अपू स्टेशनवर जातो, गाडी येते, तो चढत नाही. घरी परत येतो आणि आईला सांगतो, गाडी चुकली. एक दिवस जास्त मिळतो तिला. साठीनंतर पुन्हा पाहिला तेव्हा मी तिथे थांबले, पुढे बघवेना. मी कधी एसटी चुकवली नव्हती. आई स्टँडवर उभी असायची, मी खिडकीतून हात हलवायचे आणि पुस्तक उघडायचे.

राय यांची एक खंत होती. कादंबरीत कलकत्त्यात लीला नावाची मुलगी आहे. तिच्यासाठी नटी न मिळाल्याने ती गाळली, त्यामुळे शहराची ओढ पुरेशी दिसत नाही असं त्यांना वाटे. मला नाही पटत. कॉलेज पुरेसं असतं, मी सांगते ना!

तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटी अपू पाच वर्षांनी मुलासमोर उभा राहतो. पोराने बाप पाहिलेलाच नाही. तू कोण, असं विचारतो. अपू म्हणतो, मित्र. आणि पोर त्या मित्राच्या खांद्यावर बसून बापाला भेटायला कलकत्त्याला निघतं. त्या पोराचं, काजलचं, पुढे काय झालं ते राय यांनी दाखवलं नाही. ती कादंबरी, 'काजल', लिहिली तारादास बंदोपाध्याय यांनी. ते बिभूतिभूषणांचे चिरंजीव. 1950 साली बिभूतिभूषण गेले, तेव्हा हा मुलगा तीन वर्षांचा होता.