आढ्यावर उभे राहिलेले मातीचे देव



आज आपल्याला जायचंय इटली देशात, आणि तेही अडीच हजार वर्षं मागे. रोम तेव्हा अजून जगावर राज्य करत नव्हतं. त्याच्या उत्तरेला एट्रुस्कन नावाचे लोक राहत. त्यांचं वेई नावाचं शहर रोमपासून जेमतेम १६ किलोमीटरवर. तिथे मिनर्वादेवीचं एक देऊळ होतं आणि त्या देवळाचे देव बघायला मान वर करावी लागे. ते उभे होते छपराच्या आढ्यावर, जमिनीपासून सुमारे १२ मीटर उंच.

हे देव होते भाजलेल्या मातीचे.

या देवळाचा पाया तेवढा दगडी. भिंती कच्च्या विटांच्या, खांब आणि तुळया लाकडाच्या, वर कौलं. पावसात लाकूड कुजतं हे तुम्हाला मी काय सांगायचं! म्हणून कारागीर तुळयांच्या तोंडांवर मातीच्या भाजक्या फरशा खिळ्यांनी ठोकत. वळचणीला कौलांची जी उघडी तोंडं असतात, तिथे मातीचे मुखवटे बसवत. कुठे हसऱ्या बाईचा चेहरा, कुठे जीभ काढलेली राक्षसीण. आधी लाकूड वाचवण्याची गरज, मग त्यातूनच शोभा आली. पूजाही बाहेर चाले. वेदी उघड्यावर, माणसं अंगणात, पुजारी बळीच्या जनावराचं काळीज तपासून देवाचं मन ओळखायचा. त्यामुळे जमलेल्या सगळ्यांना दिसणारे देव म्हणजे हे छपरावरचे.

त्यातला अपोलो १९१६ साली खोदकामात सापडला. आता तो रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. पुरा माणसाएवढा, गडद तांबूस रंगाचा, अंगावरच्या वस्त्राला चुण्या, ओठांवर हसू, आणि एक पाय पुढे टाकून तरातरा निघालेला. समोर हेराक्लीस नावाचा वीर. त्याने देवीची हरिणी पकडलीय आणि अपोलो ती सोडवायला निघालाय. अशी भांडणाची गोष्टच आढ्यावर मांडलेली. एवढी मूर्ती भरीव केली तर आव्यात तडकणार, म्हणून ती आतून पोकळ केलेली. पायांमध्ये नक्षीचा एक आधार ठेवलाय, तोल जाऊ नये म्हणून. ज्या कुंभाराने हे निभावलं त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

वेईच्या एका मूर्तिकाराचं नाव मात्र टिकलं. वुल्का. प्लिनी नावाचा रोमन लेखक सांगतो की रोमच्या राजाने आपल्या मोठ्या देवळातली ज्युपिटरची मूर्ती घडवायला त्याला बोलावलं होतं. तीही मातीची, आणि सणाला तिला लाल रंग देत. त्याच देवळाच्या छपरासाठी वेईच्या कुंभारांनी चार घोड्यांचा रथ केला. त्याची दंतकथा फार गोड आहे. भाजताना माती आकसते, पण हा रथ आव्यात फुगत गेला, इतका की आवा फोडून बाहेर काढावा लागला. ज्याच्याकडे हा रथ, त्याची भरभराट, असं जाणत्यांनी सांगितलं. मग काय, वेईचे लोक रथ सोडायलाच तयार होईनात! शेवटी तो रोमला गेलाच. आणि इसवी सनापूर्वी ३९६ मध्ये खुद्द वेईही रोमने जिंकून घेतलं.

देवळांत मातीच्या आणखी वस्तू सापडतात, लहान, साध्या, साच्यातून काढलेल्या. हात, पाय, डोळे. ज्याचं जे दुखेल ते. नवसाच्या या वस्तू. ग्राविस्का बंदराच्या देवस्थानात तर मातीची गर्भाशयं मिळाली, आणि कापडात घट्ट गुंडाळलेली मातीची बाळंही. मूल व्हावं म्हणून, किंवा सुखरूप झालं म्हणून वाहिलेली. मला अपोलोपेक्षा ही जास्त बोलतात.

आता पुढची गोष्ट रोममधली, इसवी सनापूर्वी १९५ ची. लढाईच्या काळात तिथे कायदा झाला होता की बाईने साधारण सव्वा तोळ्याहून जास्त सोनं बाळगायचं नाही, रंगीबेरंगी वस्त्र नेसायचं नाही, शहरात गाडीत बसायचं नाही. लढाई संपून वर्षं लोटली तरी कायदा तसाच! तेव्हा बाया रस्त्यावर उतरल्या. केटो नावाचा बडा पुढारी त्यांच्या विरोधात उभा राहिला. लिव्ही या इतिहासकाराने त्याच्या तोंडी घातलेल्या भाषणात तो म्हणतो की परदेशच्या मूर्ती आल्यापासून लोक आपल्या देवळांच्या वळचणीवरच्या मातीच्या देवांना हसायला लागलेत. त्याच भाषणात तो बायांच्या सोन्यावर आणि कपड्यांवर घसरतो.

मातीच्या देवांची बाजू घेतली, ते मला पटतं. पण त्या देवांपुढे मातीची बाळं वाहणाऱ्या बायांना गप्प बसवायला त्यांचंच नाव पुढे करायचं, हे काही बरं नाही.

बाया काही गप्प बसल्या नाहीत. ज्या दोन अधिकाऱ्यांनी आडकाठी केली होती, त्यांच्या दारात त्या ठाण मांडून बसल्या. दोघांनी माघार घेतली आणि कायदा रद्द झाला.