बेने इस्राएलांचे मराठी कीर्तन



कीर्तन म्हणजे काय, हे हिंडलग्यात कोणास समजावून द्यावे लागत नाही. परंतु बुवांनी नमन करावे, साथीदारांनी पालुपद उचलावे आणि उत्तररंगात आख्यान निघावे ते अब्राहामाचे किंवा योसेफाचे, असे कीर्तन आपणांपैकी थोड्यांनीच ऐकिले असेल. हे कीर्तन ज्यू धर्मीयांचे आणि अस्सल मराठीतले आहे.

कोकणकिनाऱ्यावर नवगावजवळ जहाज फुटून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालविणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जात. किहीमचे केहिमकर, अष्टमीचे अष्टमकर, दिव्याचे दिवेकर. नावांतूनच रायगडचा नकाशा उभा राहतो. पुढे अनेकजण कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत शिरले. त्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटले आणि त्यांनी १७९६ साली मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधिले. आपल्या कर्नाटकाचा धागा त्या कथेत असा येतो.

या मंदिरात प्रार्थना हिब्रूत होई. ती गाणारा तो हज्जान. येरुशलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये पडल्यापासून परंपरानिष्ठ ज्यू शब्बाथच्या प्रार्थनेत वाद्य वाजवीत नाहीत. उरतो तो केवळ कंठ. युरोपात एकोणिसाव्या शतकात या कंठाला नवी सोबत मिळाली. व्हिएन्नाचे हज्जान सालोमन झुल्झर यांनी प्रशिक्षित गायकवृंद उभा केला. त्यांच्यासाठी शूबर्टने १८२८ मध्ये ब्याण्णवावे स्तोत्र हिब्रू शब्दांतच स्वरबद्ध केले. पोलंड-युक्रेनकडील हसीदी पंथीयांनी शब्दांवाचूनच्या धुनींत भक्ती ओतली. पुढे हे सारे प्रार्थनेच्या वेळेबाहेर, रंगमंचावर, मोठ्या वाद्यवृंदासह गायिले जाऊ लागले.

कोकणी ज्यूंसमोर प्रश्न जवळपास तोच होता. आणखी एक अडचण अशी, की हिब्रूचा अर्थ बहुतेकांना उमगत नसे. १८८० साली त्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापिले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर, दावीद हाइम दिवेकर यांच्यासारख्यांनी साकी, दिंडी, आर्या, ओवी या आपल्या परिचित छंदांत बायबलातील चरित्रे रचिली. टाळ, तबला, बाजाची पेटी आली. मंदिरातील प्रार्थना जशीच्या तशी राहिली; तिच्या बाहेर, दुसऱ्या मांडवात, वाद्य आणि मातृभाषा दोन्हींना जागा मिळाली. माझ्या मते व्हिएन्नाच्या गायकवृंदाचे जे काम, तेच येथे टाळकऱ्यांनी केले. फरक इतकाच, की तेथे संगीत बदलले, येथे श्रोत्याला कथाही समजली. कोणी याला हिंदूंची नक्कल म्हणेल. मला तसे वाटत नाही: कीर्तन ही ज्याची त्याने भरावयाची परडी आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी पुढे तिच्यात ख्रिस्तकथा घातली, आणि तंजावरकडे गेलेल्या मराठी कीर्तनाने दक्षिणेतील हरिकथेस वळण दिले.

१९४८ नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेण्यात आली. विवाहासाठी पूर्वजांची चौकशी होऊ लागली. आंदोलनानंतर १९६४ साली त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. ज्यांना धर्माचा पुरावा मागितला गेला, ते मराठीत अब्राहामाची कथा गात वाढले होते, हे त्या चौकशीत कोणास दिसले असेल काय? सीमाभागात भाषेची लढाई पाहिलेल्या आपणांस या प्रश्नाची धार जाणवावी. १९८० च्या दशकात तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. पूर्वी कीर्तनाच्या चौरंगावर बहुधा पुरुष असत. इस्राएलमध्ये मराठी भक्तिगीते टिकविली ती मुख्यतः स्त्रियांच्या गायनमंडळांनी.