क्रिकेटमधील निकालनिश्चिती आणि खेळाडूंची प्रतिष्ठा

पैशाच्या मोबदल्यात सामन्याचा निकाल किंवा त्यातील एखादा भाग आधीच ठरवून खेळणे, यास क्रिकेटमधील निकालनिश्चिती असे म्हणतात. रूढ भाषेत यासाठी 'मॅच फिक्सिंग' हा शब्द वापरला जातो. संपूर्ण निकालाऐवजी एखादे षटक, एखादा चेंडू किंवा ठरावीक धावा एवढ्यापुरता व्यवहार असल्यास त्याला 'स्पॉट फिक्सिंग' म्हणतात. या व्यवहारांचे मूळ सट्टेबाजीत आहे. भारतात उघडकीस आलेल्या अनेक प्रकरणांचा महाराष्ट्राशी, विशेषतः मुंबई व नागपूर या शहरांशी, संबंध आला आहे. या प्रकरणांत फौजदारी न्यायालयातील निर्णय आणि क्रीडासंस्थेने दिलेली शिक्षा यांत अनेकदा अंतर राहिले. खेळाडूंच्या प्रतिष्ठेचा प्रश्न याच अंतरातून निर्माण होतो.

सट्टा आणि कायदा

'सट्टा' हा शब्द मुळात बाजारातील भावांच्या चढउतारावर केलेल्या सौद्यांसाठी वापरला जात असे. मुंबईतील 'मटका' या जुगाराचा उगमही न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांवर लावलेल्या पैजांमध्ये आहे. पुढे हाच शब्द क्रिकेटच्या सामन्यांवरील पैजांना लागू झाला. पैजा स्वीकारणाऱ्यास 'बुकी' म्हणतात. वृत्तपत्रांत पैज लावण्यास 'लगवाडी' व ती स्वीकारण्यास 'खायवाडी' असे शब्द आढळतात.

महाराष्ट्रात जुगारासंबंधी १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. परवानाप्राप्त मैदानावरील घोड्यांच्या शर्यतींना कायद्याने सवलत आहे. क्रिकेटवरील सट्ट्यास नाही. जळगाव, धुळे व नंदुरबार या खान्देशातील जिल्ह्यांत आखाजीच्या म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला पत्ते खेळण्याची जुनी रीत आहे. समाज सणापुरत्या अशा खेळाकडे काणाडोळा करतो; परंतु पैसे लावून खेळल्यास कायद्याच्या दृष्टीने तोही जुगारच ठरू शकतो. मात्र सणाचा जुगार आणि निकालनिश्चिती यांत मूलभूत फरक आहे. पत्त्यांच्या डावात हरणाऱ्याचे स्वतःचे पैसे जातात. निकालनिश्चितीत खेळणाराच खेळाशी प्रतारणा करतो आणि प्रेक्षक, सहकारी व प्रतिस्पर्धी हे सर्व फसवले जातात.

निकालनिश्चितीसाठी भारतात स्वतंत्र केंद्रीय फौजदारी कायदा नाही. निकालनिश्चिती ही भारतीय दंडसंहितेच्या कलम ४२० खालील फसवणूक ठरत नाही, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिला. त्यामुळे अशा प्रकरणांत शिक्षेचा मुख्य भार क्रीडासंस्थेच्या शिस्तविषयक नियमांवर पडतो.

१९९७ ची चौकशी

भारतीय खेळाडूंवरील आरोपांची पहिली महत्त्वाची चौकशी १९९७ मध्ये झाली. मनोज प्रभाकर याने केलेल्या आरोपांनंतर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांची एकसदस्यीय समिती नेमली. मूळचे पुण्याचे असलेल्या चंद्रचूड यांना आरोपांच्या पुष्ट्यर्थ ठोस पुरावा आढळला नाही. पुढे २००० साली ज्यांच्यावर कारवाई झाली, त्यांत आरोप करणारा प्रभाकर स्वतःही होता.

२००० चे प्रकरण आणि नागपूरचा सामना

एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए व एक बुकी यांच्यातील संभाषण उघड केले. त्यानंतर झालेल्या चौकशीत १९ मार्च २००० रोजी नागपूर येथे झालेल्या एकदिवसीय सामन्याचा तपशील पुढे आला. वीसपेक्षा कमी धावांत बाद होण्यासाठी क्रोनिएने हर्शेल गिब्ज याला १५,००० डॉलर देऊ केले होते आणि गिब्जने ते मान्य केले होते. प्रत्यक्षात गिब्जने ७४ धावा काढल्या. तरीही प्रस्ताव स्वीकारल्याबद्दल त्याच्यावर व हेन्री विल्यम्स याच्यावर सहा महिन्यांची बंदी आली. करार पार पडला नाही, म्हणून दोष नाहीसा होत नाही, हे तत्त्व या शिक्षेतून स्पष्ट झाले. क्रोनिएवर आजन्म बंदी घालण्यात आली. १ जून २००२ रोजी विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला.

भारतात केंद्रीय अन्वेषण विभागाच्या अहवालानंतर डिसेंबर २००० मध्ये मंडळाने मोहम्मद अझरुद्दीन व अजय शर्मा यांच्यावर आजन्म, तर अजय जडेजा व मनोज प्रभाकर यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. जडेजावरील बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केली. अझरुद्दीनवरील बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये बेकायदेशीर ठरवली.

मार्लन सॅम्युएल्स

जानेवारी २००७ मध्ये नागपूर येथील भारत व वेस्ट इंडीज यांच्यातील एकदिवसीय सामन्यापूर्वी नागपूर पोलिसांनी मार्लन सॅम्युएल्स व एक संशयित बुकी यांच्यातील दूरध्वनी संभाषण नोंदवले. मे २००८ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घालण्यात आली. पुनरागमनानंतर २०१२ व २०१६ च्या विश्वचषक ट्वेंटी-२० स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत त्याने निर्णायक खेळी केल्या. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या एका स्पर्धेतील भ्रष्टाचारविरोधी नियमभंगाबद्दल त्याच्यावर सहा वर्षांची बंदी आली.

२०१३ चे स्पॉट फिक्सिंग प्रकरण

१६ मे २०१३ रोजी दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्स संघाच्या एस. श्रीशांत, अजित चंडिला व अंकित चव्हाण या खेळाडूंना मुंबईत अटक केली. यांपैकी चव्हाण हा मुंबईच्या रणजी संघातून खेळलेला डावखुरा फिरकी गोलंदाज होता. अटकेच्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता. आदल्या दिवशी वानखेडे मैदानावर मुंबई इंडियन्सविरुद्ध झालेल्या सामन्यात एका षटकात ठरावीक धावा देण्याचे त्याने मान्य केले होते, असा पोलिसांचा आरोप होता.

खेळाडूंवर मकोका अर्थात महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा लावण्यात आला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला हा कायदा पुढे दिल्लीसही लागू करण्यात आला होता. १३ सप्टेंबर २०१३ रोजी मंडळाने श्रीशांत व चव्हाण यांच्यावर आजन्म बंदी घातली. चंडिलावर तशीच बंदी जानेवारी २०१६ मध्ये आली. दरम्यान २५ जुलै २०१५ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने तिन्ही खेळाडूंसह आरोपींना दोषमुक्त केले. या निर्णयाविरुद्ध पोलिसांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. मंडळाने मात्र बंदी कायम ठेवली.

१५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतची आजन्म बंदी रद्द करून शिक्षेच्या कालावधीचा फेरविचार करण्याचा आदेश मंडळाला दिला. फौजदारी न्यायालयातून सुटका झाली म्हणून शिस्तभंगाची कारवाई आपोआप रद्द होत नाही, परंतु शिक्षा अपराधाच्या प्रमाणात असली पाहिजे, असे या निर्णयाचे सार आहे. त्यानंतर मंडळाचे लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी ही बंदी सात वर्षांवर आणली. चव्हाणची बंदीही मे २०२१ मध्ये सात वर्षांची करण्यात आली. सप्टेंबर २०१३ पासून मोजल्यास ती मुदत तोवर संपून गेलेली होती.

याच प्रकरणाच्या अनुषंगाने मुंबई पोलिसांनी चेन्नई सुपर किंग्जशी संबंधित गुरुनाथ मय्यप्पन यांना सट्टेबाजीच्या आरोपाखाली अटक केली. न्या. मुकुल मुद्गल समिती व न्या. आर. एम. लोढा समिती यांच्या चौकशीनंतर जुलै २०१५ मध्ये चेन्नई व राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले. त्यांच्या जागी आलेल्या दोन संघांपैकी एक पुण्याचा होता.

प्रतिष्ठेवरील परिणाम

बंदीची मुदत सर्वांना सारखी असली, तरी तिचे परिणाम सारखे होत नाहीत. अझरुद्दीन २००९ मध्ये मुरादाबादमधून लोकसभेवर निवडून आला व २०१९ मध्ये हैदराबाद क्रिकेट संघटनेचा अध्यक्ष झाला. जडेजा समालोचक म्हणून स्थिरावला आणि २०२३ च्या विश्वचषकात अफगाणिस्तान संघाचा मार्गदर्शक होता. श्रीशांत जानेवारी २०२१ मध्ये केरळकडून पुन्हा खेळला. या तिघांच्या नावामागे आंतरराष्ट्रीय कारकीर्द होती. भारतीय संघात कधीही न खेळलेल्या चव्हाणसारख्या खेळाडूला असा आधार नव्हता. फिरकी गोलंदाजाची कारकीर्द बहरण्याची वर्षे बंदीत गेली आणि खेळण्याची मोकळीक मिळाली तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. अटकेची बातमी जितक्या ठळकपणे प्रसिद्ध होते, तितक्या ठळकपणे दोषमुक्तीची होत नाही. आणि दोषमुक्तीनंतरही शिस्तभंगाचा ठपका राहतोच. लोकांच्या स्मरणात खेळाडूचे नाव व आरोप एकत्रच राहतात.

बेसबॉलमधील समांतर उदाहरणे

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सिनसिनाटी रेड्स संघाकडून मुद्दाम हरल्याचा आरोप शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर झाला. १९२१ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. तरीही दुसऱ्याच दिवशी आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी सर्वांना कायमचे बाद ठरवले. त्यांत 'शूलेस' जो जॅक्सन हा नामांकित फलंदाज होता.

सर्वाधिक ४,२५६ हिट्सचा विक्रम करणारा पीट रोझ याच्यावर बेसबॉलवर पैजा लावल्याबद्दल १९८९ मध्ये कायमची बंदी आली. अनेक वर्षे नाकारल्यानंतर २००४ मध्ये त्याने आपल्या संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्याचे मान्य केले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे निधन झाले. कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते, असा निर्णय मे २०२५ मध्ये आयुक्तांनी दिला आणि रोझ व जॅक्सन यांची नावे बंदीच्या यादीतून वगळली गेली. हा निर्णय ऐकण्यास दोघांपैकी कोणीही हयात नव्हते.

हेही पाहा

इंडियन प्रीमियर लीग
रणजी करंडक
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ
लोढा समिती
मटका