हवाई अंतरातली उत्क्रमज्या

मुंबई विमानतळापासून लंडनच्या हीथ्रोपर्यंतचे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा कंस गणिताने काढायचा, ही त्याची रीत. त्यासाठी संगणकात सर्रास वापरतात ते सूत्र ‘हॅव्हरसाइन’चे. हे नाव जेम्स इनमन यांच्या 1835 मधल्या नौकानयनाच्या पुस्तकातून रूढ झाले, म्हणून त्याचे कूळ खलाशांकडे नेऊन पोचवतात. माझ्या मते खलाशी हे उशिराचे वारसदार. मूळ पुरुष भारतीय ज्योतिषी आहेत. ‘हॅव्हरसाइन’ म्हणजे अर्धी ‘व्हर्स्ड साइन’, आणि व्हर्स्ड साइन म्हणजे आपली उत्क्रमज्या.

ज्या, अरबी जैब, लॅटिन सायनस हा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. तिच्या या धाकट्या बहिणीची मात्र दखल कुणी घेत नाही. आर्यभटाने 499 च्या सुमारास 225 कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतराने ज्यांचे 24 फरक दिले. पहिल्यापासून मिळवत गेले की ज्या मिळतात. शेवटून उलट मिळवत गेले की 7, मग 22 मिळवून 29, मग 37 मिळवून 66, असे आकडे येतात, आणि सूर्यसिद्धान्तातले उत्क्रमज्यांचे कोष्टक नेमके 7, 29, 66 असेच सुरू होते. नावातला ‘उत्क्रम’ तो हाच.

यावर आक्षेप असा, की आकृतीत उत्क्रमज्या म्हणजे कंस आणि दोरी यांमधली रेषा, आणि ती कुणालाही सुचेल. तिला संस्कृतात शर, अरबीत सहम, लॅटिनमध्ये सॅजिटा म्हणत. तिन्हींचा अर्थ बाण. हे मान्य, धनुष्याच्या आकृतीत बाण कुणालाही दिसेल. पण अरबी गणिती तिला ‘जैब मअकूस’ आणि लॅटिन ‘सायनस व्हर्सस’, म्हणजे उलटी ज्या, असेही म्हणत. आकृतीत उलटे काहीच नाही. उलटा आहे तो बेरजेचा क्रम, आणि तो कोष्टक हाताळणाऱ्यालाच कळतो. म्हणून बाणापेक्षा हे दुसरे नाव मला उसनवारीचा पक्का पुरावा वाटते.

दुसरा आक्षेप असा, की हे कोष्टक मुळात ग्रीकांचे. आर्यभटाच्या फरकांची बेरीज, म्हणजे त्रिज्या, 3438 कला भरते. हिपार्कसच्या हरवलेल्या कोष्टकाची त्रिज्याही तेवढीच असावी, असे जी. जे. टूमर यांनी 1973 मध्ये मांडले. ते खरे धरले तरी ग्रीक कोष्टके पूर्ण जीवेची. अर्धी जीवा घेऊन तिच्या फरकांतून उत्क्रमज्या काढणे हे पाऊल इथलेच. त्या 3438 ची एक गंमत मात्र सांगायलाच हवी. सागरी मैल म्हणजे मुळात पृथ्वीवरची एक कला, त्यामुळे पृथ्वीची त्रिज्या सुमारे 3,440 सागरी मैल भरते! ही उसनवारी नव्हे. दोन्हींमागे बाबिलोनी साठांची मोजणी आहे. पण तिच्यामुळेच मुंबई-लंडनमधला सुमारे 65 अंशांचा कोन 60 ने गुणला की वैमानिकाचे 3,900 सागरी मैल हाती येतात.

उत्क्रमज्या टिकली ती उपयोगामुळे. उत्क्रमज्या म्हणजे एक वजा कोज्या. लहान कोनांची कोज्या एकाला इतकी चिकटते, की फरकाचे अंकच गळतात. उत्क्रमज्येत ते शाबूत राहतात. उड्डाणाचा वेळ तिच्यातून निघत नाही, कारण उंचावरचे पश्चिमी वारे लंडनला जाताना समोरून येतात आणि परतीला पाठीशी असतात. शिवाय पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने उत्क्रमज्येच्या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. काटेकोर अंतरासाठी व्हिन्सेंटी यांची 1975 मधली पद्धत आहे; तिच्यात ज्या आणि कोज्या आहेत, उत्क्रमज्या नाही.