गवती छप्पर आणि लेप

कौटिलीय अर्थशास्त्रात नगराचा कारभार पाहणाऱ्या ‘नागरिक’ या अधिकाऱ्याकडे आगीचा बंदोबस्तही सोपविलेला आहे. उन्हाळ्यात भर दुपारी अग्नी पेटवू नये, गवताची व चटयांची आच्छादने काढून टाकावीत, असे तेथील नियम. गवत काढण्याची आज्ञा देणे राज्यकर्त्यास सोपे असते. त्याऐवजी डोक्यावर काय घ्यावे, हा प्रश्न झोपडीवाल्याकडे राहतो.

स्वतंत्र भारतात रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने दुसरा मार्ग शोधला : गवत राहू द्यावे, त्यावर लेप द्यावा. मातीच्या घरांविषयीच्या १९९३ च्या भारतीय मानकात अशा लेपाची कृतीच दिलेली आहे. दीड किलो डांबर वितळवून त्यात १५ ग्रॅम मेण घालावे, ते ३०० मिलिलिटर रॉकेलमध्ये ढवळत ओतावे आणि हे मिश्रण ०.०३ घनमीटर चिखलात कालवावे. डांबर व रॉकेल आगीपासून वाचवितात, हे ऐकून कोणीही दचकेल. वस्तुतः रक्षण करते ती माती. ती गवताला ज्वाळेपासून व हवेपासून तोडते. डांबराचे काम एवढेच, की पावसाने ती माती वाहून जाऊ नये. आपल्याकडील कुडाच्या लिंपणाला नेमके हेच साधत नाही.

कापडासाठी मार्ग निराळा. फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकने १८२१ मध्ये नाटकगृहातील कापडासाठी अमोनियमचे क्षार व टाकणखार यांचा उपयोग दाखविला. आपल्या मांडवांच्या मानकातही अमोनियम सल्फेट, टाकणखार, तुरटी असाच काढा आहे. परंतु हे क्षार पाण्यात विरघळतात. चार दिवसांच्या मांडवाला ते चालतात, पावसाळा काढणाऱ्या झोपडीला नाही.

१६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघराचे गवती छप्पर पेटले, आग वर्गांवरील छपरात शिरली आणि ९४ मुले दगावली. तमिळनाडू शासनाने शाळांवरील गवती छपरे उतरविण्याचा आदेश दिला. शाळांपुरता तो योग्यच होता. कोंडलेल्या वर्गावर लेपाच्या भरवशाचे गवत ठेवू नये. राहत्या झोपडीचे मात्र तसे नाही. तेथे पत्रा उन्हाने तापतो आणि पैसेही मागतो. लेप स्वस्त, पण तडे गेले की बुजवावा लागतो, आणि छप्पर नव्याने शाकारले की पुन्हा आरंभापासून. उतरविलेली छपरे एकदा मोजून अहवाल पाठविता येतो. लिंपलेले छप्पर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कोणीतरी जाऊन पाहावे लागते, आणि ते काम कोणत्या खात्याचे, हे त्या मानकात लिहिलेले नाही.