गावठाणाबाहेरील घरबांधणी : नियम व बदल (कोहमारा परिसर)

गावाच्या आबादीबाहेर (म्हणजे गावठाणाबाहेर), मुख्यतः शेतजमिनीवर, कोणत्या प्रकारची घरे उभारता येतात हे ठरवणारे नियम आणि त्यांत २०२० नंतर झालेले बदल. या नोंदीत गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील कोहमारा हे गाव नजरेसमोर ठेवले आहे. मुंबई–कोलकाता महामार्ग (पूर्वीचा क्र. ६, आताचा ५३) आणि गोंदिया–नवेगावबांध रस्ता येथे एकमेकांस मिळतात. अशा चौकाच्या गावात वस्ती जुन्या आबादीत मावत नाही, ती रस्त्यांच्या कडेने धानाच्या बांध्यांत उतरते. म्हणून शहराच्या उपनगराला पडणारे प्रश्न येथे खेड्याच्या कायद्याने सोडवावे लागतात.

पूर्वपीठिका : हा प्रदेश मालगुजारीचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचा. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता; त्या राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. सार्वजनिक वापराच्या जमिनी व गावकऱ्यांचे त्यांवरील हक्क यांची नोंद निस्तार पत्रकात राहिली, आणि घरांची जागा म्हणून आबादी वेगळी ओळखली गेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. हद्दीच्या आत घर बांधण्यास ग्रामपंचायतीची परवानगी (ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, कलम ५२), तर बाहेर आधी अकृषक परवानगी, ही विभागणी दीर्घकाळ टिकली. आबादीतील घराला सांदवाडी (परसाची जागा) असे, गुरांचा गोठा असे, भाऊ वेगळे झाले की त्याच आवारात दुसरी चूल मांडली जाई. एका आवारात अनेक कुटुंबे ही गोष्ट येथे जुनीच आहे. ले-आउटच्या नकाशाने मात्र ‘एक भूखंड, एक घर’ असा साचा आणला. हा बदल कागदावर किरकोळ दिसतो, पण नांदत्या कुटुंबांच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

आबादीतील घरांच्या मालकीचा नकाशा अनेक गावांत नव्हताच. गावठाणाची मोजणी पूर्वी मुख्यतः २,००० हून अधिक लोकसंख्येच्या गावांत होई. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी अशी मोजणी करून घरमालकीची नोंद देणारी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली.

अकृषक अट शिथिल : महसूल संहितेत मागाहून घातलेल्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन ठरावीक अटींवर निवासी वापरात आल्याचे मानले जाते, वेगळी परवानगी लागत नाही. भोगवटादार वर्ग-२ च्या (हस्तांतरावर निर्बंध असलेल्या) जमिनींना शासनाला भरायच्या नजराण्याचा प्रश्न उरतोच. दुसऱ्या बाजूने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्यांचे हस्तांतर रोखणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे झाले. घरापुरते दोन-तीन गुंठे घेणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता.

२०२० ची नियमावली : एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झाली. मुंबई व काही वगळलेली क्षेत्रे सोडून राज्यातील नियोजन प्राधिकरणे व प्रादेशिक योजनांची क्षेत्रे तिच्याखाली आली. हस्तांतरणीय विकास हक्क, उंच इमारती यांवरील तिची प्रकरणे कोहमाऱ्यासारख्या गावाला फारशी लागू पडत नाहीत. उपयोगी पडतात ते लहान भूखंडांचे नियम. १५० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडावर नकाशा देऊन शुल्काची पावती घेतली की तीच परवानगी, ३०० चौ. मी. पर्यंत १० दिवसांत निर्णय.

हाच विचार ग्रामविकास विभागाने २०२१ मध्ये खेड्यांसाठी मांडला. सुमारे १,६०० चौ. फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीची कागदपत्रे, जागेचा मांडणी नकाशा, परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने प्रमाणित केलेला आराखडा आणि विकास शुल्काची पावती एवढे ग्रामपंचायतीत दिले की काम सुरू करता येते. ३,२०० चौ. फुटांपर्यंत ग्रामपंचायत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देते. नगररचनाकाराकडे जावे लागत नाही. चाळीस फूट लांब-रुंद तुकड्यावर दोन खोल्या, पडवी आणि मागे न्हाणी बांधणाऱ्याला जिल्ह्याच्या ठिकाणच्या फेऱ्या त्यामुळे टळतात. सामान्य माणसासाठी या सर्व बदलांतील हाच सर्वांत मोलाचा.

घरांचे प्रकार : ओळीतील घरांसाठी (रो-हाउस) नियमावलीत ३० ते १२५ चौ. मी. चे भूखंड चालतात. भूमिहीनांना घरकुलाच्या जागेसाठी मदत देणारी राज्याची योजना ५०० चौ. फूट, म्हणजे सुमारे ४६ चौ. मी. गृहीत धरते, ती जागा या मापात बसते. सामाईक भिंतीची घरे अधिकृतपणे बांधता आली, तर अशा लाभार्थ्यांना चौकाजवळ, कामधंद्याशेजारी राहता येईल. खाली दुकान व वर बिऱ्हाड, तसेच भाड्याच्या खोल्यांची चाळ, हे चौकाच्या गावाचे खरे प्रकार. त्यांचा विचार लहान भूखंडांच्या सवलतींइतक्याच आस्थेने व्हायला हवा. ‘एक भूखंड, एक घर’ हा साचा इतरत्रही सैल झाला आहे : अमेरिकेतील मिनीआपोलिस शहराने २०१८ मध्ये मंजूर केलेल्या आराखड्यात एका निवासी भूखंडावर तीन बिऱ्हाडांपर्यंत मुभा दिली.

रस्त्याकडेची मर्यादा : शहरी हद्दीबाहेर राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत इमारत रेषा व ७५ मीटरपर्यंत नियंत्रण रेषा धरली जाते. चौकालगतची जमीन सर्वाधिक मागणीची आणि बांधकामाला सर्वाधिक बंधनांची, अशी दोन्ही असते.

वने : महामार्गाच्या उत्तरेस नागझिरा व दक्षिणेस नवेगाव, दोन्ही मिळून २०१३ मध्ये व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. अधिसूचित पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रे २०२० च्या नियमावलीतून वगळलेली आहेत, म्हणून वनांजवळची जमीन अशा क्षेत्रात येते का हे आधी पाहावे लागते.